दोन बोटांची जागा

दर गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून टेलरआजी दवाखान्याकडे निघायची. गळ्यात मापाची टेप असायचीच.

परक्या मुलखातून आलेल्या शे-दीडशे घरांची ती वस्ती. मागे उपासमार सोसलेली माणसं, त्यामुळे गुबगुबीत पोर म्हणजे घराची शान. दवाखान्यातली नर्स मुलांच्या वजनाबद्दल बोलायला लागली की आयांना निम्मं कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं झोंबायचं. मुलं वजनकाटा दिसताच पळ काढायची. शाळेत चिडवून घेणं काय कमी होतं? आजीची टेप मात्र ओळखीची. शाळेचे कपडे सगळ्यांना तिनेच शिवलेले. माप घेताना ती टेपखाली दोन बोटं घालायची, म्हणजे कपडा काचत नाही. आकडा फक्त नर्सच्या कानात सांगायची. मग आयांना त्यांच्या भाषेत समजवायची, की सरबताऐवजी पाणी द्या, दुसऱ्यांदा वाढण्याआधी पोराला विचारा. त्यानंतर सगळी फौज घेऊन मैदानाला तीन फेऱ्या. सगळ्यात आधी धाप तिलाच लागायची.

हे शहाणपण तिला फार उशिरा सुचलं होतं. आठ वर्षांची होईपर्यंत नात तिच्याच हाताखाली वाढली, आणि पोरीने नको म्हटल्यावरही आजी भरवतच राहिली. शेवटी पोरीच्या वजनावरून डॉक्टरांनी सुनेला फैलावर घेतलं, सुनेने आजीला, आणि मुलगा बिऱ्हाड हलवून दुसऱ्या शहरात गेला. त्यानंतरच ती दवाखान्यात जायला लागली. त्याला दोन वर्षं झाली. पोरीचा आवाज तेवढा रविवारी फोनवर. दुसऱ्यांच्या नातवंडांच्या कमरा मोजताना तिला आपली पोर आठवायची आणि आकडा विसरायला व्हायचं.

नातीच्या दहाव्या वाढदिवसासाठी तिने फ्रॉक शिवून पाठवला. माप सुनेने घेऊन कळवलं होतं. रविवारी फोनवर सून म्हणाली, "फ्रॉक कमरेला अडला. वर्षभर पोहून वजन आटोक्यात आणलं होतं हो तिनं. आता म्हणते, मी परत जाड झाले. दोन दिवस धड जेवली नाही."

आजीचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. सुनेने टेप आवळून माप घेतलं असणार. दोन बोटांचं तिला कुणी सांगितलं होतं? ओठांवर आलेलं आजीने गिळलं. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकापुढे तिने आपली चूक कबूल केली नव्हती. तिने नातीला फोन द्यायला सांगितलं.

"बाळा, कापताना मी चुकले. तुझं अंग अगदी बरोबर आहे."

"तू कधीच चुकत नाहीस, आजी."

"चुकते गं. लांबून माप घेतलं की चुकते."

"मग जवळून घे ना."

आजी 'घेते' म्हणाली. पोरीने फोन तसाच टेबलावर ठेवला असावा, कारण थोड्या वेळाने ताट सरकल्याचा आवाज आला, मग चमच्याचा. ती जेवत होती. तिला एकच घास भरवावा असं आजीला वाटलं, अगदी जीव तुटेपर्यंत वाटलं. फोन बंद करायला कुणी आलं नाही, आणि आजी तशीच ऐकत बसली.