फुकटचा धूर, विकतचा धूर

उज्वला खैरनार एकोणिसाव्या वर्षी सटाण्याहून नाशकात आली ती गायला, आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की इथे गाणं ऐकायला कोणी येत नाही. द्वारका चौकाच्या पुढे, महामार्गाला लागून असलेल्या एका हॉटेलात ऑर्केस्ट्रा चालायचा. टेबलांवर कांद्याचे व्यापारी, ट्रकमालक, जमीन विकून मोकळे झालेले लोक. हातात ग्लास, बोटांत सिगारेट. पुढच्या टेबलावरचा एक जाडा गृहस्थ तर ती वरच्या सुराला पोचली की नेमका तिच्या दिशेने धूर सोडायचा आणि मग स्वतःच खूश होऊन टाळ्या वाजवायचा. उज्वला हसून मान लववायची. मनात म्हणायची, मेल्या, तुझ्या फुप्फुसाची चाळण होवो.

घरी आल्यावर साडी बादलीत बुडवली की पाणी चहासारखं व्हायचं. ज्येष्ठमधाची काडी सतत गालात. एकदा तिची आई, कुसाबाई, सटाण्याहून राहायला आली, तिनं साडीचा पदर हुंगला आणि अहिराणीत विचारलं, "चूलवर नाचस का व तू?" आईला काय सांगणार, की चुलीचा धूर निदान भाकरीसाठी तरी असतो.

सतरा वर्षं तिने असं गायलं. मग दोन हजार आठच्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक जागी सिगारेट बंद झाली. हॉटेलमालकाने आधी पाटी उलटी लावली, मग दोनदा दंड झाल्यावर सुलटी केली. फुकायला लोक उठून बाहेर जाऊ लागले.

पहिल्या संध्याकाळी उज्वलाने एक अख्खा अंतरा एका दमात म्हटला. न खाकरता, न थांबता. आपला आवाज एवढा लांब जातो हे तिचं तिलाच नवीन होतं. सभागृहात कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. लोकांच्या लक्षात आलं ते वेगळंच. छताला पिवळे डाग होते, मागचा मखमली पडदा तीन ठिकाणी ठिगळाचा होता, आणि कीबोर्डवाल्याच्या केसांचा कलप मानेवर उतरलेला होता. "साला, एवढी भिकार जागा आहे ही?" जाडा गृहस्थ म्हणाला, आणि त्यानंतर फिरकला नाही.

ऑर्केस्ट्राचा मालक मनोज तेव्हा पंचविशीचा. त्याचं गाण्याचं ज्ञान एवढंच की आवाज कमी वाटला की वाढवायचा. त्याने दिवेवाल्या महेबूबभाईंना धारेवर धरलं. "तुमचे दिवे मेलेत का? पूर्वी कसे लाल-निळे झोत दिसायचे!"

महेबूबभाई शांत माणूस. त्यांनी सांगितलं, "झोत दिवा दाखवत नाही, मनोजभाई. हवेतला धूर दाखवतो. गिऱ्हाईक फुकट धूर पुरवत होतं. आता हवा साफ आहे, तर उजेड सरळ जाऊन जमिनीवर पडतो. मधे दिसायला काहीच नाही."

"मग आणा धूर."

महेबूबभाईंनी त्याला समजावलं की धुराच्या यंत्रांत दोन जाती असतात. एक दाट धूर, भसकन येतो, सगळं झाकतो. दुसरं हेझ, इतकं विरळ की ते दिसतच नाही, फक्त दिव्याची रेघ दिसते. दुसरं घ्या. मनोजने पहिलं घेतलं, कारण ते दिसतं. त्या यंत्रात घालायला बिनलेबलाच्या कॅनमधलं गुलाबाच्या वासाचं पाणी आणलं. उज्वलाचा घसा महिन्याभरात पुन्हा होता तिथे आला.

"ताई, हा धूर निरोगी असतो," मनोज म्हणाला.

"हो का? मग घरी पाळण्यापाशी लाव," ती म्हणाली.

नाक मुरडत ती गात राहिली, कारण गाणं तिथेच होतं. पुढे हॉटेल बंद पडलं. मनोज गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नं करू लागला. नवरी ढगातून यायची, नवरा ढगातून यायचा, एकदा तर श्रीखंडाचं पातेलं ढगातून आलं. उज्वला तिथेही गायची, आणि मधल्या वेळात मांडवाच्या कडेला उभी राहून बघायची. एवढी शिकलेली, गाड्यांतून येणारी माणसं, आणि वाफ बघून तोंड वासतात. तिला त्यांची कीवसुद्धा येत नव्हती.

मग गेल्या वर्षीच्या एकतीस मेला एका आरोग्य मंडळाने तंबाखूविरोधी मेळावा ठेवला. सकाळी अकराला, बंदिस्त वातानुकूलित सभागृहात. मंचावर फुप्फुसांचे एक डॉक्टर, पुढच्या रांगांत फलक घेतलेल्या शाळकरी मुली, मागे फुली मारलेल्या सिगारेटचं भलंमोठं चित्र. प्रमुख पाहुणे एक स्थानिक पुढारी. त्यांच्या डाव्या गालात तंबाखूची गोळी होती. भाषणात ते "व्यसन" म्हणायचे तेव्हा ओठ वर उचलून धरायचे, सांडू नये म्हणून. भाषणानंतर उज्वलाने श्वासावरचं एक गीत म्हणायचं होतं.

तिने डोळे मिटून पहिला सूर लावला, आणि गुलाबाचा वास आला.

डोळे उघडले तर पायांपासून कमरेपर्यंत पांढरं. मग डॉक्टर गेले, टेबल गेलं, शेवटी सिगारेटचं चित्रही गेलं. पहिल्या रांगेतल्या मुली खोकायला लागल्या. धुरातून डॉक्टरांचा आवाज आला, "अहो, कोणीतरी खिडकी उघडा!" सभागृहाला खिडकीच नव्हती.

उज्वला थांबली. विंगेत मनोज अंगठा वर करून उभा होता. "चालू ठेवा, ताई! मस्त दिसतंय!"

ती माईकवरच बोलली. "मनोज, सतरा वर्षं मी बेवड्यांचा धूर गिळला. त्यांना निदान माहीत होतं की आपण घाण करतोय. तुला तेवढंही कळत नाही." मग मुलींकडे वळली. "चला गं पोरींनो, बाहेर." माईक खाली ठेवला, पायऱ्या उतरली, बाजूच्या दाराची कडी काढली आणि मुलींना घेऊन आवारात गेली.

तिथे लिंबाच्या सावलीत तिने ते गीत पुरं म्हटलं, माईकशिवाय. डॉक्टर रुमाल नाकाला लावून पायरीवर येऊन बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. मोठी मंडळी मात्र आतच होती. ढगात उभं राहून फोटो काढत होती. पाहुण्यांनी मनोजच्या पाठीवर थाप मारून "वातावरण एक नंबर" म्हटलं आणि कुंडीत पिचकारी टाकली.

दुसऱ्या दिवशी मनोजने तिला फोनवर कळवलं की तुमची गरज नाही. तिच्या जागी त्याने ध्वनिमुद्रणावर ओठ हलवणारी एक मुलगी घेतली. धुरात ओठही दिसत नाहीत, तेव्हा काम सोपं झालं. उज्वलाने एवढंच विचारलं, "पण तिला खोकला आला, तर तो कुठून वाजवणार?" आणि फोन ठेवला.

आता ती पंचवटीत घरी शिकवते. महिन्यातून एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये दुपारी गाते. महेबूबभाईंनी मनोजचं काम सोडलं, स्वतःचं छोटं हेझ यंत्र घेतलं आणि एकदा भीतभीत विचारलं, "बाई, अगदी थोडं लावू? दारं उघडी ठेवून?"

"लावा. मला वास आला तर बंद."

वास आला नाही. दिव्याची एक पिवळी रेघ तिच्या खांद्यापर्यंत येऊन थांबली. तिने पुढचं कडवं सुरू केलं. महेबूबभाई ते यंत्र आता दर महिन्याला आणतात.

मागच्या आठवड्यात एका नवरीच्या बापाचा फोन आला. मुलगी ढगातून येताना तुम्ही गाल का?

"विमानाने येतेय का ती?" उज्वला म्हणाली. पलीकडचे गृहस्थ गोंधळले. म्हणाले, "नाही हो, सिन्नरहून. गाडीनेच."

"मग गाडीतून उतरून चालत येऊ दे," ती म्हणाली आणि वाट बघत बसलेल्या मुलींना म्हणाली, "हं, सा लावा."