मागायला शिकवणारी वेनिंग

वेनिंगचा धंदा नवऱ्या सजवण्याचा. आमच्या बांतुलकडे लग्न ठरलं की आधी तिची तारीख विचारतात आणि मग हॉलची. नवरीच्या कपाळावर काळ्या रंगाच्या त्या पाएसच्या महिरपी काढायच्या म्हणजे बाकीच्या बायका श्वास रोखून धरतात. वेनिंग बोलत बोलत काढते, आणि एकही रेष हलत नाही. पण जोगजा शहरातले चित्रकार, मुखवटे कोरणारे, बांबूची वाद्यं करणारे तिच्या दाराशी चपला काढून ओळीने बसतात, ते लग्नासाठी नाही. ती त्यांना अनुदानं शोधून देते.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं एका नाचणाऱ्या मुलीमुळे. ती मेकअपला आली होती आणि रडत होती, त्यामुळे काजळ टिकत नव्हतं. मलेशियातल्या पेनांगच्या महोत्सवाने बोलावलं होतं, पण विमानाचं भाडं नव्हतं, म्हणून ती नकार कळवणार होती.

"आयोजकांना विचारलंस भाड्याचं?" वेनिंग म्हणाली.

"छे, एवढं बोलावलं त्यांनी, वर आणि त्रास कशाला?"

वेनिंगने तिचा फोन घेतला आणि तिथल्या तिथे विचारलं. उत्तर लगेच आलं: भाडं आम्ही देतोच, फक्त जावामधून कुणी मागत नाही, आम्हाला वाटलं तुमच्याकडे सगळे श्रीमंत आहेत. वेनिंगला इतकं हसू आलं की हात सरकून मुलीची डावी भुवई पार केसांपर्यंत गेली. ती तशीच नाचायला गेली, आणि पुढच्या वर्षी जोगजातल्या निम्म्या नर्तिकांच्या डाव्या भुवया वर होत्या.

तेव्हापासून ती शोधते. वकिलाती, प्रांताचं संस्कृती कार्यालय, सिंगापूरचे कुणी कुणी निधी, जपानमधले कलावंतांचे निवासी कार्यक्रम. तिची पद्धत सोपी आहे. जाहिरात ती वाचतच नाही. "जाहिरातीत सगळे चांगलंच बोलतात. लग्नाळू मुलाच्या आईसारखं," म्हणते. ती आधी बघते, गेल्या वर्षी पैसे कुणाला मिळाले. मग त्यांना फोन करते, बहीण असल्यासारखी गप्पा मारते, आणि पाहणीला कोण आलं होतं, त्याने काय विचारलं, तो कशावर हसला, सगळं काढून घेते. "पूर्वजांची थोर परंपरा जपण्यासाठी" असं अर्जात दिसलं की ती ते वाक्य खोडते. "पूर्वज अर्ज करत नाहीयेत. तू सोमवारी सकाळी उठून काय करणार ते लिही."

पैसे ती घेत नाही. ज्याला अनुदान मिळालं त्याने तिच्या दोन लग्नांत खुर्च्या उचलायच्या, एवढीच तिची फी. म्हणून आमच्याकडे मांडवात खुर्च्या लावणाऱ्याची शिल्पं परदेशी संग्रहालयात असतात, आणि वऱ्हाडी त्याला ओरडत असतात, "ए, इकडे दोन अजून!"

पण तिची खरी मेहनत अर्जावर नाही, माणसांवर होते. आम्ही जावाची माणसं. आम्हाला कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, तिसऱ्यांदा देणाऱ्याने हाताला धरून बसवलं की मग लाजत घ्यायचं. आणि मोठ्या माणसाने काहीही विचारलं की "इंगिह". म्हणजे होय. म्हणजे ऐकू आलं. म्हणजे तुमचा मान राखला. कधी कधी त्याचा अर्थ नाही असाही होतो, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. या वळणाच्या माणसाला मुलाखतीला पाठवायचं! म्हणून वेनिंगच्या घरी एक शिकवणी चालते. ती गरमागरम तेंपेच्या भज्यांची बशी पुढे करते. जो "नको, नको" म्हणेल त्याच्यापुढून बशी उचलली जाते आणि परत येत नाही. मोठमोठे कलावंत तिथून उपाशी उठलेले मी पाहिले आहेत.

माझी निमास तर पाच वेळा उपाशी उठली.

निमास माझी एकुलती एक. ती पतंग बनवते. पोरांचे नव्हे, माणसापेक्षा उंच. पतंगाच्या डोक्यावर बांबूची कमान, कमानीला ताडाच्या पानाची पट्टी ताणलेली. पतंग वर गेला की वारा त्या पट्टीला छेडतो आणि आकाशातून सूर येतो. असे पतंग आमच्याकडे जुनेच आहेत. हिच्या डोक्यात आलं की पाच पतंग करायचे, पाच वेगळ्या सुरांचे, आणि अख्खं गामेलान, म्हणजे आमचा वाद्यवृंद, आकाशात वाजवायचं, परांगकुसुमोच्या किनाऱ्यावर. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून हेच. एक पतंग तयार झाला, तेवढ्यात माझी शिलाई मशीन गेली, शिडी मोडली आणि शेजारच्यांचा कोंबडा कायमचा मुका झाला असं शेजारी म्हणतात.

मला काळजी नको वाटायला? आई आहे मी. पगार नाही, विमा नाही, टोपी घालायला सांगितली तर घालत नाही. माझे दीर पुर, जकार्ताजवळ बेकासीला त्यांचं फरशांचं दुकान आहे. लेबारानच्या सणाला ते आले तेव्हा म्हणाले, पोरीला माझ्याकडे हिशेबाला पाठवा. आमचे हे मान खाली घालून "इंगिह" म्हणाले. झालं! दिरांनी तिच्यासाठी टेबल घेतलं. पंखा घेतला. मग माझी दुसरी काळजी सुरू झाली: बेकासीचा तो ट्रॅफिक, ती हवा, आणि निमास पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या फरशा मोजतेय. शेवटी घरात ठरलं की जकार्ताच्या एका कला-निधीकडे अर्ज करायचा. मिळालं तर पतंग. नाही मिळालं तर पावसाळ्याआधी बेकासी.

वेनिंगने अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "निमास, इथे मदतनिसांचा भात आहे, कॉफी आहे, सिगारेटी आहेत, दोर ओढणाऱ्यांची मजुरी आहे. तू कुठे आहेस?"

"मी आहे ना बुलिक, मीच तर करणार." वेनिंगला ती बुलिक म्हणते, म्हणजे मावशी.

"फुकट?"

"स्वतःच्या नावापुढे आकडा लिहायला कसंतरी वाटतं."

"लिही. मी तोंड फिरवते, तू लिही."

आणि खरंच वेनिंगने तोंड फिरवलं, मी फिरवलं, तेव्हा कुठे पोरीने लिहिलं.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. पाहणीला बू तियुर्मा म्हणून बाई येणार होत्या. सुमात्रातल्या मेदानच्या, बाताक जमातीच्या. मी नुसतं नाव ऐकून दोन दिवस जेवले नाही. बाताक लोक मनात असेल ते तोंडावर बोलतात, आणि समोरच्याच्या तोंडावर जे येईल तेच त्याच्या मनात आहे असं धरतात. त्यात पाहणीच्या दिवशी नेमकं वेनिंगला सेवोनला एका लग्नाचं काम.

"तू नसलीस तर कसं?" मी म्हटलं.

"म्बाक," ती म्हणाली; मला ती ताईच म्हणते. "नवरी सजवणारी बाई बोहल्यावर चढत नाही. पोरगी एकटी उभी राहू दे."

बाई परांगकुसुमोच्या किनाऱ्यावर आल्या. उंच, आवाज किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. निमास पतंग धरून उभी, मी जरा लांब छत्री धरून. छत्री वाऱ्याने उलटी झाली होती, पण मी धरून होते.

"काम छान आहे गं," बाई म्हणाल्या. "पण पैसे आमच्याकडे कमी आहेत. अर्धेच दिले तर चालेल का?"

"इंगिह, चालेल," निमास म्हणाली.



"पाचाऐवजी दोन पतंग केलेस तर?"

"इंगिह."

"आणि समजा, यंदा नाहीच जमलं द्यायला?"

"इंगिह, बू. काही हरकत नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तेच खूप."

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "किती समजूतदार आहेस! खरं सांगू, दुसऱ्या एका मुलाला फार गरज आहे. तुझं भागतंय म्हटल्यावर माझं काम सोपं झालं." आणि निघाल्यासुद्धा गाडीकडे! निमास हसऱ्या चेहऱ्याने वाकून निरोप देत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाईंना वाटलं वाळू गेली.

मी फोन लावला. वेनिंगच्या दोन्ही हातांना काळा रंग, म्हणून तिने फोन कुणाकडून तरी मोठ्या आवाजावर टाकून घेतला. म्हणजे नवरी, नवरीची आजी, मावश्या, सगळा मांडव ऐकत होता.

"ती सगळ्याला इंगिह म्हणाली!" मी ओरडले.

तिकडून सगळ्यांनी "आई गं!" केलं.

"बाईंना द्या फोन," वेनिंग म्हणाली.

मी वाळूतून धावले. या वयात, सारोंग गुडघ्यापर्यंत धरून. बाई गाडीचं दार उघडत होत्या. मी फोन त्यांच्या कानाशी धरला, पण वेनिंगचा आवाज तसाही मला ऐकू येत होता.

"बू, माफ करा, हातात नवरीचं कपाळ आहे म्हणून थोडक्यात सांगते. 'चालेल का' असं आमच्या पोरीला विचारू नका. तुझं घर पेटवलं तर चालेल का विचारलंत तरी इंगिह म्हणेल आणि काडेपेटी आणून देईल."

"मग खोटं बोलली ती?"

"खोटं नाही हो, मान राखला तुमचा!"

"तीनदा विचारा तिला, तीनदा!" मागून नवरीची आजी ओरडली.

"तीनदाच विचारलं मी," बाई म्हणाल्या.

"वेगळं वेगळं विचारलंत. एकच तीनदा विचारायचं असतं," आजी म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी हसलं, वेनिंग किंचाळली, "हलू नकोस!" आणि मग पुन्हा फोनवर: "ते राहू द्या, बू. तुम्ही असं करा, तिच्या पतंगात खोट काढा. चुकीची काढा."

बू तियुर्मा फोन माझ्या हातात देऊन परत निमासकडे गेल्या. पतंगाभोवती एक चक्कर मारली. कमानीला बोट लावलं.

"ही पानाची पट्टी कशाला? प्लॅस्टिकची लाव. स्वस्त पडेल, टिकेलही."

"नाही," निमास म्हणाली.

माझ्या मुलीने मोठ्या माणसाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी घाबरून माफी मागायला पुढे झाले, पण ती थांबलीच नाही.

"प्लॅस्टिक किंचाळतं! ते गात नाही! पान सकाळी दमट असतं, दुपारी कोरडं, त्याचा सूर हलतो, तेच तर हवंय! आणि दोन पतंगांनी काय होणार? पाच सूर आहेत, पाचच हवेत. अर्ध्या पैशात नाही होणार. मला सगळे लागतील. माझी मजुरीसुद्धा!" एवढं बोलून तिने स्वतःचाच हात तोंडावर ठेवला.

"आता कसं!" बाई म्हणाल्या. "उडव बघू."

निमास दोर उलगडत पळाली, मी पतंग उचलून धरला, बाईंनी दोर धरला. वारा असा आला की पतंग माझ्या हातातून हिसकला, वर गेला, आणि गाऊ लागला. खोल, गोड, पोटात घुमणारा सूर. बाईंना दोर सोडायचा असतो हे ठाऊक नव्हतं. त्या दोरासकट वाळूवरून घसरत निघाल्या, एक सँडल गेली, दुसरी गेली, "सोडा, बू, सोडा!" आम्ही मागे धावतोय, आणि त्या मोठ्यांदा हसत ओरडताहेत, "नाही! नाही सोडणार!" पाण्यापाशी आम्ही दोघींनी त्यांना कमरेला धरून थांबवलं. एवढं हसून मला उचकी लागली. फोन चालूच होता. नवरीची आजी विचारत होती, "वाजतंय का गं? फोन वर धर!" मी वर धरला.

निकाल महिनाभराने आला. पूर्ण रक्कम, मजुरीसकट. निमास अंगणात गोल गोल फिरली, वेनिंग आली आणि तीही फिरली. मीही फिरले असते, पण दिरांना कळवायचं राहिलं होतं. आमच्या ह्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. मग मीच फोन केला.

"पुर, निमास नाही येत बेकासीला."

"अहो म्बाक, संकोच कसला? घरचंच दुकान आहे."

"संकोच नाही. ती येणार नाही."

"बरं, बरं. मग रविवारी स्टेशनवर कुणाला पाठवू?"

"नको, खरंच नको."

"त्रास कसला त्यात! मी स्वतः येतो."

तीनदा नको म्हणून झालं होतं. आता पुढचं प्रत्येक नको त्यांना होय वाटणार. अंगणातून वेनिंग मला हाताने खुणा करत होती. मी डोळे मिटले.

"पुर, तुमच्या फरशा कुरूप आहेत. ती येणार नाही."

पलीकडे दीर असे हसले की फोन कानापासून दूर धरावा लागला. "निळ्या तर आहेतच कुरूप," म्हणाले. "मलाही आवडत नाहीत. बरं, टेबल मी वापरीन. पण ते आकाशात वाजवणार तेव्हा आम्ही येऊ का बघायला?"

"छे, एवढ्या लांबून कशाला त्रास घेता!" मी म्हटलं.

शनिवारी दिरांकडचे सहा जण आले. पतंग उडायला अजून तीन महिने आहेत, पण ते म्हणाले, आधी जागा बघून ठेवतो. गाद्या शेजाऱ्यांकडून आणल्या.