मागचे केस

चारचौघांत मी एका माणसाच्या केसांची थट्टा केली. लोक हसले म्हणून तेव्हा मला बरंही वाटलं.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत ते माझ्याबरोबर कारकून होते. चांद्याच्या मोटारीवाल्याकडून कलपाची बाटली मागवत आणि रविवारी घरीच केस काळे करत. हॉटेलात ते भिंतीला पाठ लावूनच बसायचे. रस्त्यात सोबत चालायची वेळ आली की हमखास मागे राहायचे. "तुमी चला पुढं, मी येतोच."

असं का, ते मला एका सकाळी कळलं. लाकडावरचा नंबर वाचायला ते वाकले, टोपी पडली आणि मागचे केस पांढरेशुभ्र दिसले.

"अरे, समोरून जावई, मागून सासरा!" मी ओरडलो. हमालसुद्धा हसले.

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "मागचं बायको लावून देत होती, भाऊ. ती गेली, आता घरी कोणी नाई," एवढं म्हणून ते पुढचा नंबर वाचू लागले.

त्यानंतर त्यांनी कलप लावणंच सोडलं. हळूहळू सगळं डोकं पांढरं झालं. चहालाही ते येईनात. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर ते एकटेच तांदूळ निवडत होते.

"कलप आहे का घरी?" मी विचारलं.

"आहे थोडा. काऊन?"

"आणा इथी. मागचं मी लावून देतो. त्या दिवशी माहं चुकलं, भाऊ."