शाईतला लाल

माझी मोठी बहीण, घरात सर्वांचीच अक्का, आनेकलमध्ये सुती साड्या रंगवून घेते. तिचे पहिले माहितीपत्रक मीच केले होते. छापून आले तेव्हा साड्यांवरचा मंजिष्ठेच्या मुळीचा लाल विटकरी झाला होता. शिवाजीनगरातल्या छापखान्याच्या कानडी मालकांना मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुम्ही शाईत पाणी घालता." माझा आवाज चढत नाही, म्हणूनच ते अधिक लागले असावे. "फाइलच तशी आहे, अण्णा," एवढेच ते म्हणाले. मी ऐकले नाही. पुढे सहा वर्षे त्या गल्लीत पाऊल टाकले नाही.

यंदा सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत अक्काचे प्रदर्शन ठरले. "पत्रक तूच कर," ती म्हणाली, "पण या वेळी लाल लालच दिसू दे. नाहीतर लोकांना वाटेल, मी विटा विकते."

मागचे पत्रक मी पत्रे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेटले होते. आता तीन मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतली. पहिले छायाचित्रांत तरबेज, पण मजकुराचे रकाने त्यात जमेनात. दुसऱ्यात नक्षी सुरेख निघे. घडीच्या पत्रकाच्या सहा बाजू सांभाळताना मात्र दमछाक झाली. तिसरे केवळ पानांच्या मांडणीचे. मजकुराला एक चौकट, चित्राला दुसरी, असा त्याचा हट्ट. दोन दिवस मी त्याच्यावर रुसलो, तिसऱ्या दिवशी त्याच्या प्रेमात पडलो.

कारण त्यात छपाईनंतरचे रंग आधीच दाखवण्याची सोय सापडली. पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. उजेडाला जमते ते सारे शाईला जमत नाही. इतकी साधी गोष्ट पन्नाशीनंतर कळली, आणि मी खोलीत अक्षरशः येरझारा घालू लागलो! त्याच भरात जुन्या पत्रकातले छायाचित्र त्यात घातले, ती सोय सुरू केली. लाल माझ्या डोळ्यांदेखत विटकरी झाला. तिथे छापखाना नव्हता, शाई नव्हती.

आनंद एवढा होता की लाज वाटायला क्षणभर उशीर झाला.

सकाळीच पेनड्राइव्ह घेऊन शिवाजीनगर गाठले. दुकानात गिऱ्हाइके होती. ती जाण्याची वाट पाहावी असे मनात आले, पण आरोप त्यांच्यासारख्यांसमोरच केला होता. म्हणालो, "सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या शाईला नावे ठेवली. चूक माझ्या फाइलची होती. मला क्षमा करा. हे नवे काम घ्याल का?"

मालकांनी चष्मा वर सरकवला. "सहा वर्षं? फारच स्लो कंप्युटर दिसतो तुमचा, अण्णा."

गिऱ्हाइके हसली, मीही हसलो. त्यांनी मात्र हो म्हटले नाही. फाइल उघडली, बराच वेळ पाहिली.

"निळी शाई स्वल्प कमी करा. लाल मळतोय."

मी कमी केली. नमुन्याची प्रत बाहेर आली. पिशवीतला साडीचा तुकडा मी तिच्याशेजारी ठेवला, आणि आम्ही दोघे एकदमच त्यावर वाकलो.

"सरी, जमलं," ते म्हणाले. "किती प्रती?"