आबांची सहा बोटं

बेडशाची यशोधरा गावची आशाताई, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. नवरा गेला तेव्हा माहेरची माणसं तिला न्यायला आली होती, पण सासरे निवृत्तीआबा म्हणाले, "ती हितंच ऱ्हाईल." तिची राहिलेली दहावीही त्यांनीच मागे लागून करून घेतली. असा सासरा नशिबानं मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळ्यात आशांसाठी मोबाइलवर कोर्स आला. साखरेच्या आजारानं पाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, तर असे पाय कसे तपासायचे ते शिकायचं. घरात रेंज म्हणजे आली तर आली. मग ती आणि आबा दुपारी गावाजवळच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर जाऊन बसत. ती कानात वायर घालून ऐकायची, आबा शेजारी तंबाखू मळत. उतरताना त्यांचा प्रश्न ठरलेला, "आज काय शिकीवलं?"

शेवटी तपासणीचा व्हिडिओ पाठवायचा होता. आबांना बारा वर्षांची साखर, म्हणजे पेशंट घरातच. शेजारच्या चैतालीनं मोबाइल धरला, आबांनी डोळे मिटले. दोन्ही पायांच्या तीन-तीन बोटांना हलकेच हात लावायचा. पेशंटनं आपणहून सांगायचं, आपण विचारायचं नाही. पण कॅमेऱ्यापुढं यशोधरा बावरली आणि दर बोटाला विचारत गेली, "कळलं का, आबा?" आबा दर वेळी म्हणाले, "व्हय." सहापैकी सहा. प्रमाणपत्र त्यांनीच भिंतीवर लावलं.

मग तिनं गावातला एक पाय सोडला नाही. शालूबाईची टाचेची भेग, बाजीरावचं चिघळलेलं नख, सगळं वेळेत धरलं. आबांच्या नावापुढं 'संवेदना आहे' असं लिहिलेलं होतं, म्हणून त्यांचेच पाय तेवढे बघायचे राहिले.

भातलावणीत आबांच्या चपलेचा खिळा वर आला. आठ दिवस ते तसेच शेतावर जात-येत राहिले. वास आला तेव्हा तिनं पाय उचलून पाहिला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इस्पितळात तिनं विचारलं, "आबा, तवा कळत व्हतं ना?"

आबा खिडकीकडं बघत म्हणाले, "न्हाई. पर तू नापास झाली असतीस."

ती व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली. आबांचा राग आला, पण प्रश्न तर तिनंच विचारले होते. तो पाय आपणच घालवला, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

घरी आणल्यावर एका सकाळी ती त्यांच्या उजव्या पायाशी बसली. टॉवेलनं त्यांचे डोळे बांधले.

"आता मी इचारनार न्हाई. हात लागला की तुमीच सांगा. खरं सांगा."

"व्हय, खरंच सांगंन."

तिनं अंगठ्याला बोट टेकवलं. मग मधल्या बोटाला. मग करंगळीला. पुन्हा अंगठ्याला, जरा जास्त वेळ. आबा मान ताठ करून, कान देऊन बसले होते. या खेपेला चूक करायची नव्हती त्यांना.

थोड्या वेळानं म्हणाले, "कर की सुरू, पोरी. कवाचा बसलोय."