डॅशबोर्डच्या जाळीतलं

लोक म्हणतात, "वंदनाताई, तुमच्या कामात कसले आलेत किस्से? ब्रश घ्यायचा, एसीच्या जाळ्या पुसायच्या, रेडिओच्या बटनांमधली धूळ काढायची. झालं!" पण गाडी धुणाऱ्याला गाडी बाहेरून दिसते. मी जिथं वाकून बसते, तिथं बसून माणसं रडलेली असतात, भांडलेली असतात, तासन्‌तास गप्प राहिलेली असतात. एक गोष्ट सांगून होत नाही तर दुसरी गाडी दारात उभी! मग साठणार नाही तर काय?

दुकान रशीदभाईंचं. यवतमाळात, दारव्हा रोडला. ते वायरिंग आणि रेडिओवाले. आधी मी कपडे शिवायची. त्यांची जाड बोटं जाळीच्या पट्ट्यांत जात नव्हती, माझी जात होती. त्यावर माझी नोकरी लागली. आठ वर्षं झाली.

*

वणीहून एक जण जीप घेऊन आले. कोळशाच्या खाणीवर सुपरवायझर. म्हणाले, "एसीची हवाच येऊन नाही राह्यली."

रशीदभाईंनी पॅनल खोललं आणि उलट्या बाजूनं ब्लोअर मारला. समोरची चुन्याची पांढरी भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी झाली!

सुपरवायझर भिंतीकडं बघतच राहिले. "किती दिवसाचा असंन हा?"

"मागच्या साली तुम्हीच साफ करून नेली होती," रशीदभाई म्हणाले. "म्हणजे सालभराचा."

त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाले, "गाडीची जाळी तुम्ही काढून साफ केली भाऊ. छातीची कुठी काढून भेटते?"

रशीदभाईंनी ब्लोअर बंद केला.

*

कळंबच्या एका माणसाच्या डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला होता. रेडिओ बाहेर काढायचा तर आधी मूर्ती हलवावी लागणार. रशीदभाई थांबले. म्हणाले, "मूर्ती तुम्ही काढून घेता काय?"

माणूस भडकला. "काहून? तुमचे हात का खराब आहेत?"

रशीदभाईंनी दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरले. ग्रीस, काजळी, वर चिकटपट्टीचा गोंद! "आहेत ना भाऊ. पाहा!"

तो माणूस इतका ओशाळला की साबण आणायला स्वतः पळाला. रशीदभाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि मूर्ती त्यांनीच काढली.

*

जोशीकाका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांची जुनी गाडी, जुना रेडिओ, त्यातच हिरव्या आकड्यांचं घड्याळ. रेडिओ साफ करायचा म्हणून आम्ही बॅटरीची वायर काढली. परत जोडली तेव्हा घड्याळ बंद पडून शून्यावर आलेलं. मी मोबाईलमध्ये बघून मिनिटासकट बरोबर वेळ लावली.

काका संध्याकाळी आले, गाडीत बसले, चावी फिरवली आणि तसेच थांबले.

"वेळ कोणी लावली?"

"मी लावली काका! एकदम बरोबर आहे."

"बरोबर नव्हती ती," काका म्हणाले. "बारा मिनिटं पुढं होती. मी कुठंही उशिरा पोचायचो, म्हणून हिनं तशी करून ठेवली होती. मागच्या वर्षी ही गेली. त्यानंतर मी हात लावला नव्हता."

मी म्हटलं, "काका, आत्ता बारा मिनिटं पुढं करून देते."

काकांनी मान हलवली. "नको ग बाई. ती तुझी बारा मिनिटं होतील."

गाडी कितीतरी वेळ दारात चालू उभी होती. काका मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आता वायर काढायच्या आधी मी प्रत्येक मालकाला विचारते, "घड्याळाला हात लावू का?" लोक हसतात. हसू देत.

*

गाडीच्या पुढच्या काचेखाली एक लांब फट असते. काचेवरचं धुकं घालवायची हवा तिथून येते. एका मोठ्या घरच्या बाईंच्या गाडीत त्या फटीतून मी चिमट्यानं सोन्याचं कानातलं काढलं.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. तीन वर्षांपूर्वी त्या कानातल्यासाठी त्यांनी घरच्या भांडेवालीवर चोरीचा आळ घेतला होता. पोलीस तिच्या घरी गेले होते. तिचं काम सुटलं होतं.

मी म्हटलं, "आता तिला सांगायला जाल ना?"

"कुठं शोधू तिला? घर नीट माहीत नाही हो मला."

रशीदभाईंनी रेडिओतून मान वर न काढता विचारलं, "मंग पोलिसाले कोणतं घर दाखवलं होतं?"

बाईंनी कानातलं मुठीत धरलं आणि मला म्हणाल्या, "तू येतेस का सोबत?"

मी गेले. भांडेवाली पदराला हात पुसत दारात आली. बाईंनी तळहातावरचं कानातलं दाखवलं आणि रडायलाच लागल्या. "मला आता कळलं ग, तू घेतलं नव्हतंस!"

ती शांतपणे म्हणाली, "मले तर तवाच माहीत होतं."

आणि तिनं दार लावून घेतलं.

*

बोरी अरबच्या शाळेत एक मॅडम आहेत. घर यवतमाळात, रोज स्वतः गाडी चालवत जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर वारले. घरात सासू आणि दीर.

एका रविवारी दीर गाडी घेऊन आले. "वहिनीची गाडी आहे. आतून पूर्ण चकाचक करा." आणि खुर्ची ओढून समोरच बसले.

मी स्टिअरिंगच्या खाली वाकले. खालच्या जाळीच्या कडेला, सहसा नजर जाणार नाही अशा जागी, टिकल्या चिकटवलेल्या होत्या. बारीक, मरून रंगाच्या. सात. काहींचा गोंद गेलेला, म्हणजे रोज काढून रोज लावलेल्या. मला उमगायला वेळ लागला नाही. मॅडमना मी कितीदा पाहिलं होतं, दुकानावरून घराकडं जाताना कपाळ नेहमी मोकळं.

"काय झालं?" दीर उठून आलेच. मी घाम पुसल्यासारखं करून माझी टिकली काढून मुठीत घेतली आणि दुसरा तळवा जाळीवर ठेवला. सहा झाकल्या, एक उघडी राहिली. ती त्यांना दिसली.

"हे काय चिकटलंय?"

"माझीच टिकली," मी म्हटलं. "घामानं पडते मेली."

त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि परत जाऊन बसले. रशीदभाई लगेच म्हणाले, "साहेब, चला, चहा घेऊ," आणि त्यांना टपरीवर घेऊन गेले.

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झापडीत छोटा आरसा होता, त्यावर सरकतं झाकण. मी एकेक टिकली नखानं उचलली, त्या आरशाच्या कडेला ओळीनं लावली आणि झाकण बंद केलं.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर मॅडम स्वतः आल्या. म्हणाल्या, "जाळ्या बघता का जरा?" जाळ्या स्वच्छ होत्या. तरी मी ब्रश फिरवला.

"आमचे दीर सांगत होते," त्या म्हणाल्या, "तुमची टिकली पडली होती गाडीत."

"हो मॅडम."

"सापडली?"

"सापडली. जागेवर ठेवली."

त्यांनी पर्समधून टिकल्यांचं नवं पाकीट काढलं. झाकण सरकवून आरशात बघत एक टिकली लावली, पाकीट माझ्या हातात दिलं.

"ठेवा. तुमच्या पडत असतात."

आमच्या दुकानातून डावीकडं गेलं की बोरी अरबचा रस्ता, उजवीकडं त्यांचं घर. मॅडमनी आरशावरचं झाकण लावलं, गाडी सुरू केली आणि उजवीकडं वळवली. कपाळावर टिकली तशीच होती.