भाऊ धुरी यांच्या…

आधी शपथ घ्या, हसणार नाही म्हणून. चहा मग. कारण मी जे सांगणार आहे, त्यानंतर डिलाईल रोडवर भाजी घ्यायला उतरले की आजही दोन माणसं तरी विचारतात, "काय बाई, आज कोण?" आणि मला खाली मान घालून मेथीच्या काड्या मोजाव्या लागतात. मला! सव्वीस वर्षं पालिकेच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या सुजाता जाधवला!

घोळ माझाच. पण घोळाचं मूळ कोण? आमचा फुटबॉल क्लब. बाणेदार स्पोर्ट्स क्लब. नाव बघा आणि कर्तृत्व बघा! बाण राहू दे, समोर उघडं गोलपोस्ट असताना यांना बॉल आत ढकलता येत नाही.

आमचे बाबा गिरणीच्या टीममधून अनवाणी खेळायचे. मी त्यांच्या खांद्यावर बसून मॅच बघायला शिकले. एखाद्या रविवारी सकाळची बुद्धवंदना चुकेल माझी, पण बाणेदारची मॅच चुकत नाही. घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, आणि मी. आता मला सांगा, अशा माणसाला यंदाच्या सीझनमध्ये काय बघायला मिळालं असेल?

आमचा गोलकीपर प्रथमेश. टुरिस्ट गाडी चालवतो. चालव बाबा, पोट आहे. पण मॅच चालू असताना गोलात उभं राहून फोनवर बोलायचं? "हां सर, एअरपोर्ट, टर्मिनल दोन, रिपोर्टिंग किती वाजता?" इकडे बॉल जाळ्यात! फॉरवर्ड म्हणावा तर त्याला बॉल मिळाला की आधी केस सारखे करतो, कारण बाहेर त्याचा मित्र रील काढत असतो. परवाची पेनल्टी मैदानाबाहेरच्या उसाच्या गाड्यावर जाऊन पडली. रसवाल्याने बॉल परत दिला नाही, म्हणाला, ग्लास फुटले त्याचं काय?

आणि बचावफळी! देवा रे देवा. फळी कसली, सताड उघडं दार. समोरचा खेळाडू आला की हे बाजूला होतात, या बसा म्हणतात. एकाने तर गोल खाल्ल्यावर गोल मारणाऱ्याला टाळी दिली. का? तर म्हणे शाळेत एकत्र होतो.

असं करत करत बाणेदार दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाला आला. शेवटची मॅच उरली. रविवार, सकाळी दहा. जिंकायचीसुद्धा गरज नव्हती हो! नुसती बरोबरी केली असती तरी वाचलो असतो. हरलो तर थेट तिसरी डिव्हिजन. बाबांच्या काळापासून क्लब तिसऱ्यात गेला नव्हता.

तर त्या रविवारी पहाटे साडेपाचला मी चहा ठेवला, फोन बघितला, आणि माझं रक्त उकळलं. आदल्या संध्याकाळी शेवटची प्रॅक्टिस होती. कोच भाऊ धुरी मैदानात शिट्टी घेऊन उभे होते, आणि बचावफळीतले चौघे करी रोडला कोणाच्या तरी हळदीत नाचत होते! व्हिडिओ होता ना. काय ते पाय उचलत होते! एवढे पाय मैदानात उचलले असते तर आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये असतो.

मी गॅस बंद केला आणि खडू घेऊन खाली उतरले.

आता आमच्या पिंगेच्या चाळीच्या दारातला फळा तुम्हाला माहीत हवा. पाणी उद्या येणार नाही, लसीकरण कधी, कोण बोर्डात पहिला, कोण गेलं, सगळं त्या फळ्यावर. आणि तो लिहिते मी. अक्षर चांगलं म्हणून. माझ्या अक्षरात लिहिलेलं खोटं असू शकत नाही, असा अख्ख्या चाळीचा समज. अभिमान होता हो मला त्याचा!

मी ठरवलं, या चौघांची फळ्यावरच अंत्ययात्रा काढायची. झोपेतून उठून खाली आले की वाचतील, शरमतील, आणि त्या शरमेने तरी नव्वद मिनिटं धावतील. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "दुःखद निधन". त्याखाली वळणदार अक्षरात, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या बाणेदार स्पोर्ट्स क्लबचे कोच श्री. भाऊ धुरी यांच्या"

पुढे लिहायचं होतं, "संघाच्या बचावफळीला दीर्घ आजारानंतर देवाज्ञा झाली." काय वाक्य होतं! मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!"

चाळीत राहिला असाल तर पुढचं सांगायला नको. माणूस नमस्काराला वाकलेला असेल तर तसाच धावतो. मी खडू कठड्यावर टाकला आणि तीन मजले चढले. पिंप, हंडे, बादल्या, कुकर, सगळं भरलं. आणि राग हा असा की, पाचव्या बादलीपर्यंत निम्मा उतरतो. म्हटलं, जाऊ दे, पोरं आहेत, आज नाहीतर कधी नाचणार? फळ्यावर अर्धंच तर वाक्य आहे. अर्धवट वाक्याने कोणाचं काय बिघडतंय? पुसेल कोणीतरी.

वर्गात मी पोरांना काय शिकवते? वाक्य अपूर्ण सोडू नये. असो.

आंघोळ केली, स्टूल घेतलं, बस मागच्या गल्लीत थांबते म्हणून मागच्या जिन्याने उतरले, आणि सावली पकडायला नऊलाच मैदानात जाऊन बसले. फोन बंद. मॅचच्या दिवशी मी तो बंदच ठेवते, कारण आमची वहिनी नेमकी कॉर्नरच्या वेळी फोन करून पुरणाची डाळ किती भिजवू विचारते.

साडेनऊ झाले. आमचे सहा जण आले. फक्त सहा! आणि चेहरे असे पडलेले की मॅच हरूनच आलेत. मी उठलेच.

"बाकीचे कुठायत? हळद उतरली नाही का अजून? लाज वाटत नाही? बाबांच्या वेळी लोक तापात खेळायचे!"

आमचा कॅप्टन रोशन माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, असं काय बोलताय? ते भाऊंबरोबर गावाला गेले ना."

"गावाला? आज? कशाला?"

"अहो, भाऊंची आई गेली."

मी मट्कन स्टुलावर बसले. "अरेरे! कधी रे? कोण म्हणालं?"

रोशनने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी माझंच नाव विचारलं. "तुम्हीच तर लिहिलंत."

आणि त्याने फोन पुढे धरला. फोटो. माझा फळा. माझं अक्षर. "श्री. भाऊ धुरी यांच्या" आणि त्यापुढे, जरा तिरप्या अक्षरात, "मातोश्रींना आज पहाटे गावी देवाज्ञा झाली."

सावंतकाका! आमच्या चाळीत कोणी गेलं की पहिला फोन डॉक्टरांना नाही, सावंतकाकांना. बांबू, मडकं, फुलं, स्मशानाची पावती, सगळं त्यांच्या हातात. सकाळी दूध आणायला उतरलेल्या काकांनी फळा वाचला. वर निधन, खाली भाऊ धुरी यांच्या… आणि वाक्य तुटलेलं. मला मागाहून म्हणाले, "बाई, मला वाटलं तुम्हाला रडू फुटलं आणि पुढे लिहवेना. भाऊंच्या घरातलं पिकलं पान म्हणजे आई, नव्वदीच्या. म्हटलं, एवढं तरी आपण पूर्ण करावं." त्या "यांच्या"पुढे काहीही बसलं असतं हो! यांच्या सासूबाई, यांच्या म्हशी! पण काकांनी आई बसवली.

पुढे काय, फोटो ग्रुपवर. भाऊ धुरी राहतात पलीकडच्या चाळीत. त्यांनी गावी भावाला फोन लावला, तर तो नेहमीप्रमाणे लागेना. मालवणात त्यांच्या वाडीत रेंज मिळवायला माडावर चढावं लागतं. मग मला फोन लावला. माझा बंद! भाऊ रडायला लागले. कधी नव्हे ती आमची टीम एक झाली. प्रथमेशने गाडी काढली, भाऊंना पुढे बसवलं, मागे पाच जण, आणि गाडी साडेसातला निघालीसुद्धा. बचावफळी पूर्ण गाडीत! वर्षभर जे एका रेषेत उभे राहिले नाहीत, ते दाटीवाटीने मांडीला मांडी लावून बसले.

मी माझा फोन चालू केला आणि भाऊंना लावला.

"भाऊ, कुठे आहात?"

"पेणच्या पुढे," भाऊंचा आवाज बसलेला. "बाई, तुम्हाला कोणी कळवलं हो?"

आता सांगा, काय उत्तर देणार? मी सगळं सांगितलं. फळा, पाणी, बचावफळी, सावंतकाका.

"म्हणजे… आई हाये?"

"आहे हो भाऊ! ठणठणीत असणार!"

भाऊ हमसून हमसून रडले. मागून पोरं ओरडली, "आजी हाये! आजी हाये!" मलाही रडू आलं. खरंच आलं. मग मी डोळे पुसले आणि विचारलं, "मॅचचं काय?"

"दहाला कसे पोचू बाई? उडून?"

मी रेफरीकडे धावले. नियम असा की, मैदानात कमीत कमी सात खेळाडू पाहिजेत, त्याशिवाय मॅच सुरूच होत नाही. आमचे सहा. रेफरी भला माणूस, घड्याळ बघत थांबला. मी म्हटलं, "सातवी मी उतरते!"

"बाई, तुमचं रजिस्ट्रेशन नाही."

"मी लहानपणापासून येतेय इथे!"

"बघायला, बाई."

दहा पंधराला त्याने शिट्टी वाजवली. एकही किक न मारता आम्ही तीन-शून्यने हरलो. तिसरी डिव्हिजन! समोरची टीम नाचत होती, आणि आमचा रोशन, जो हरल्यावर नेहमी माझ्याशी हुज्जत घालतो, तो खाली बसला. बूट काढून पिशवीत भरत राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तिकडची गंमत ऐका. पेणहून परत येतील ना हे लोक? नाही. "एवढे आलोच आहोत तर आईला भेटून येतो," भाऊ म्हणाले. गेले सगळे मालवणला! दोन दिवस बांगडे काय, सोलकढी काय! फोटोवर फोटो! मी इकडे तोंड लपवून मागच्या जिन्याने ये-जा करतेय आणि आमची बचावफळी माडाखाली आडवी पडलीय.

सोमवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि लीगच्या ऑफिसात गेले. म्हटलं, चूक माझी, निस्तरीन मी. पदर पसरायचा बाकी ठेवला. टेबलावरच्या गृहस्थांनी नियमांची वही उघडली, चष्मा वर केला. "आहे, तरतूद आहे. कोचच्या आई-वडिलांचं निधन झालं असेल तर मॅच पुन्हा खेळवता येते."

माझा जीव भांड्यात पडला.

"आठ दिवसांत मृत्यूचा दाखला जोडा."

भांडं उपडं झालं!

बाहेर येऊन मी भाऊंना फोन लावला. त्या दिवशी कशी कोण जाणे, रेंज होती. मी सगळं सांगत होते, दाखला, आठ दिवस, आणि पलीकडे भाऊ "हो, हो" करत होते. मधेच खरखर झाली आणि एक खणखणीत आवाज आला.

"कोण गो ता? माका मारल्यान ती तूच काय?"

मी रस्त्यात उभ्या उभ्या हात जोडले. "आजी, चुकले. माफ करा. तुम्ही शंभर वर्षं जगा."

"ता ऱ्हवांदे. ह्यो भाऊ काय म्हणता? मी मेलंय असो कागद दिलो तर तुमची म्याच परत होतली?"

"हो आजी, पण तसं नाही…"

"आयक. मी मेलंय, तर तुमची टीम जिंकतली?"

आता बघा. कोणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता? आजी, असं अभद्र बोलू नका. पण माझ्या डोळ्यांपुढे तो उसाचा गाडा आला, ती टाळी आली, ते टर्मिनल दोन आलं. मी मराठीची शिक्षिका. खोटं बोलवेना.

"नाही आजी," मी म्हटलं. "तेवढी खात्री नाही देता येत. बरोबरीचीसुद्धा नाही."

"मगे मी फुकट कित्याक मरू?"

मागे पोरं खो खो हसत होती, ओळखीचे आवाज, अख्खी बचावफळी.

"आणि काय गो चेडवा," आजी म्हणाली, आवाज जरा मऊ करून, "ज्या टीमसाठी नव्वद वर्सांची म्हातारी मरूक तयार नाय, तिच्यासाठी तू दर आयतवारी उन्हात बसान कित्याक मरतंस?"